कोंबडीचे दोन पंख आणि अठ्ठावन्न वर्षांचा घोळ

परवा जर्नल क्लब संपल्यावर एम.एस्सी.च्या एका ज्युनियरनं मला जिन्यात गाठलं. "ताई, वॉरबर्ग इफेक्ट म्हणजे कॅन्सर पेशींचे मायटोकॉन्ड्रिया बिघडलेले असतात, म्हणून त्या ग्लुकोज आंबवून जगतात. बरोबर ना? नेटच्या नोट्समध्ये असंच दिलंय." मी "अर्धं बरोबर" म्हटलं आणि बस चुकेल म्हणून पळाले. राहिलेलं अर्धं इथे लिहितेय. ते नीट सांगायचं तर सुरुवात मायटोकॉन्ड्रियापासून नाही, एका कोंबडीपासून करावी लागते.

१९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये एक माणूस आपली प्लिमथ रॉक जातीची कोंबडी घेऊन आला. कोंबडीच्या छातीवर मोठी गाठ होती. पेटन राऊस हा तेव्हा जेमतेम तिशीचा पॅथॉलॉजिस्ट. त्यानं गाठीचे तुकडे दुसऱ्या कोंबड्यांमध्ये लावले, तर गाठ तिथेही वाढली. इथपर्यंत नवीन काही नव्हतं. पुढे त्यानं गाठ वाटली, त्यातल्या सगळ्या पेशी अडतील अशा बारीक फिल्टरमधून रस गाळला आणि पेशी नसलेला तो रस कोंबड्यांना टोचला. तरीही सार्कोमा झाला. १९११ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे कॅन्सर 'लावणारं' काहीतरी पेशीहून लहान होतं. आज त्याला आपण राऊस सार्कोमा व्हायरस म्हणतो. त्या वेळी बहुतेकांनी ही पक्ष्यांमधली विचित्र भानगड म्हणून सोडून दिली. उंदरांच्या गाठींवर तेच जमेना म्हणून काही वर्षांत राऊसनंही हा विषय बाजूला ठेवला.

दुसरा धागा जर्मनीतला. ओटो वॉरबर्गनं १९०८ मध्ये पाहिलं होतं की समुद्री अर्चिनचं अंडं फलित झालं की त्याचा ऑक्सिजनचा वापर कित्येक पटींनी वाढतो. मग जी पेशी झपाट्यानं वाढते तिला ऑक्सिजन जास्त लागणार, असा त्याचा साधा अंदाज. १९२३ च्या सुमाराला त्यानं उंदराच्या गाठीचे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ काप घेतले, मॅनोमीटरला जोडले आणि मोजलं. अंदाज सपशेल चुकला. ऑक्सिजनचा वापर काही खास वाढलेला नव्हता. उलट भरपूर ऑक्सिजन असूनही गाठ ढीगभर लॅक्टिक आम्ल तयार करत होती. धावताना आपल्या स्नायूंना ऑक्सिजन कमी पडला की ते जे करतात, ते ही गाठ आरामात बसून करत होती. एका ग्लुकोजमागे फक्त दोन एटीपी मिळवायचे आणि श्वसनातून मिळणारे तीसएक सोडून द्यायचे, हा असा कसा व्यवहार?

वॉरबर्गचं उत्तर होतं की पेशीचं श्वसन कायमचं बिघडलंय, म्हणून ती आंबवण्यावर जगते, आणि हाच बिघाड कॅन्सरचं मूळ आहे. एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवा, पुढे लागेल. त्याच्या मोजमापात होता वाढलेला लॅक्टेट. 'श्वसन बिघडलंय' हे मोजमाप नव्हतं, तो त्यानं काढलेला अर्थ होता. नेटच्या नोट्समध्ये हे दोन्ही एकाच वाक्यात येतं.

आता दोन्ही धागे एकत्र येतात, तेही एकाच पक्ष्यात. कार्ल आणि गर्टी कोरी हे मूळचं प्रागचं, अमेरिकेत आलेलं जोडपं १९२५ मध्ये बफेलोच्या कॅन्सर संस्थेत काम करत होतं. त्यांना शंका अशी की वॉरबर्गचे काप काचेच्या भांड्यात आहेत, जिवंत प्राण्यात असंच घडतं का? त्यांनी कोंबड्या घेतल्या. एका पंखात राऊस सार्कोमा, दुसरा पंख साधा. मग दोन्ही पंखांतून परत येणाऱ्या शिरांमधलं रक्त तपासलं. गाठीच्या बाजूच्या रक्तात दर १०० मिलिलिटरला ग्लुकोज २३ मिलिग्रॅम कमी आणि लॅक्टिक आम्ल १६ मिलिग्रॅम जास्त.

मला हा प्रयोग फार आवडतो. कंट्रोल कुठे शोधायचा म्हणून आम्ही इथे तासन्‌तास वाद घालतो, आणि यांचा कंट्रोल त्याच कोंबडीच्या दुसऱ्या पंखात! तेच वय, तोच आहार, तेच रक्त. सिनॉप्सिस लिहायला बसला असाल तर हा पेपर एकदा काढून वाचाच.

पण बघा, त्या पंखात काय काय होतं. विषाणूमुळे झालेली गाठ होती आणि तिचा बदललेला चयापचय आकड्यांत मोजलेला होता. मग 'विषाणूनं हे कसं घडवलं?' हा प्रश्न पुढची कित्येक दशकं कुणी नीट विचारू का शकलं नाही? विचारायला शब्दच नव्हते. विषाणूत जनुकं असतात, जनुक प्रथिन बनवतं, ते प्रथिन दुसऱ्या प्रथिनाला बदलतं, यातली एकही पायरी १९२५ मध्ये माहीत नव्हती. कोरी दांपत्य ग्लायकोजेनकडे वळलं आणि १९४७ मध्ये त्यावर नोबेल घेऊन आलं. विषाणूवाले एका इमारतीत, चयापचयवाले दुसऱ्या, असं दोन-तीन पिढ्या चाललं.

१९६६ हे वर्ष तर गंमतच आहे. जूनमध्ये लिंडाऊच्या नोबेल मेळाव्यात वयाच्या ८२ व्या वर्षी वॉरबर्गनं पुन्हा तेच सांगितलं की कॅन्सरचं मूळ कारण म्हणजे श्वसनाची जागा आंबवण्यानं घेणं. डिसेंबरमध्ये ८७ वर्षांच्या राऊसला, शोधानंतर ५५ वर्षांनी, नोबेल मिळालं. आणि आपल्या व्याख्यानात राऊसनं शरीरपेशींच्या जनुकांतल्या बदलांमुळे कॅन्सर होतो ही कल्पना नाकारली. दहा वर्षांतच नेमकं त्याच्याच विषाणूनं त्याला खोटं ठरवलं.

ती दहा वर्षं थोडक्यात सांगते, कारण ही गोष्ट सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहे. राऊसच्या विषाणूत पेशीला कॅन्सरकडे नेणारं एकच जनुक आहे हे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पक्कं झालं. त्याचं नाव सार्कोमावरून ठेवलेलं. लिहिताना एस-आर-सी अशी तीन अक्षरं आणि म्हणताना 'सार्क'. १९७६ मध्ये स्टेहेलिन, वार्मस, बिशप आणि फोग्ट यांनी दाखवलं की हे जनुक मुळात निरोगी कोंबडीचंच आहे, विषाणूनं ते केव्हातरी उचललेलं. १९८९ चं नोबेल बिशप आणि वार्मस यांना मिळालं. पेपरवर पहिलं नाव असलेल्या स्टेहेलिननं त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. पोस्टडॉकांच्या चहाच्या टेबलावर हा विषय अजून निघतो. असो. १९७८ मध्ये कळलं की सार्कचं प्रथिन हे किनेज आहे, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम.

फॉस्फेट नेमकं कुठे चिकटतं, याचं उत्तर शिळ्या बफरमुळे मिळालं. सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर १९७९ मध्ये पॉलिओमा नावाच्या दुसऱ्या एका ट्यूमर विषाणूच्या प्रथिनावर काम करत होता. अमिनो आम्लं वेगळी करायला १.९ पीएचचा बफर लागायचा. त्यानं नवा न करता जुनाच वापरला आणि त्याचा पीएच घसरून १.७ झाला होता. एवढ्या फरकानं एक नवा ठिपका सुटा झाला, जो एरवी फॉस्फोथ्रिओनिनच्या खाली लपून राहायचा. तो होता फॉस्फोटायरोसिन. पुढच्या वर्षी हंटर आणि सेफ्टननं दाखवलं की सार्कही टायरोसिनवरच फॉस्फेट लावतो. (ताजा बफर करायचा कंटाळा आल्यावर हे उदाहरण आपल्या गाईडला देऊ नका. मी दिलं होतं.)

आता १९८१ कडे येऊ. या लेखाचं खरं कारण तेच आहे.

कॉर्नेल विद्यापीठात एफ्राईम रॅकर नावाचे मोठे बायोकेमिस्ट होते. 'वॉरबर्ग इफेक्ट' हे नाव रूढ करणारे तेच. त्यांच्या डोक्यात बरीच वर्षं एक कल्पना होती. ग्लायकोलिसिस जोरात चालायची तर एडीपी आणि फॉस्फेट सतत मिळायला हवेत, म्हणजे कुणीतरी एटीपी सतत उडवायला हवा. रॅकरना वाटायचं की कॅन्सर पेशीच्या पडद्यावरचा सोडियम-पोटॅशियम पंप गळका झालेला असतो. तो काम थोडं करतो आणि एटीपी जास्त जाळतो. कल्पना सुंदर, पुरावा अर्धवट.

१९८० मध्ये त्यांच्याकडे एक पीएच.डी.चा विद्यार्थी आला. त्याचं नाव इथे लिहीत नाही, शोधायला तुम्हाला दोन मिनिटं लागणार नाहीत. त्याचे हात जादूचे मानले जायचे. इतरांना महिनोन्‌महिने न जमणारी शुद्धीकरणं तो आठवड्यांत करायचा. त्यानं एक नाही, चार किनेज वेगळे केले. पहिला दुसऱ्याला फॉस्फेट लावणार, दुसरा तिसऱ्याला, आणि साखळीच्या टोकाला गळका होणारा पंप. साखळीतला एक किनेज चक्क सार्कचा नातलग निघाला! म्हणजे विषाणूच्या जनुकापासून वॉरबर्गच्या लॅक्टेटपर्यंत एक सरळ रस्ता. कोंबडीच्या त्या पंखातलं कोडं सुटलं. जुलै १९८१ मध्ये 'सायन्स'मध्ये दोघांचा लेख आला. बायोकेमिस्ट्री आणि मॉलिक्युलर बायॉलॉजी यांचा संगम झाला, असं त्याच्या शीर्षकातच होतं.

त्याच महिन्यात तो संगम आटला. कॉर्नेलमध्येच फोल्कर फोग्ट हे विषाणूंवर काम करणारे संशोधक या प्रकल्पात सहभागी होते. प्रयोग कधी जमायचे, कधी नाही, आणि जमायचे ते त्या विद्यार्थ्याच्या हातूनच. फोग्टनी एक दिवस फिल्मवर समाधान न मानता मूळ जेलच हातात घेतलं आणि गायगर काउंटर लावला. त्यावर फॉस्फरस-३२ असायला हवा होता. त्याचे बीटा कण जोरकस असतात आणि काउंटर त्यांना ओळखीचा प्रतिसाद देतो. इथला प्रतिसाद तसा नव्हता. जेलवर होतं आयोडीन-१२५. किनेजनं फॉस्फेट लावलेलं नव्हतंच. योग्य वजनाच्या प्रथिनांना आयोडीन लावून ती हव्या त्या जागी पट्टा देतील अशी योजना होती. फिल्मला काय, फॉस्फरस आणि आयोडीन दोन्ही सारखेच काळे दिसतात.

विद्यार्थी कॉर्नेल सोडून गेला. त्यानं सांगितलेल्या आधीच्या पदव्याही खऱ्या नव्हत्या असं निघालं. रॅकरनी प्रयोग पुन्हा करवून घेतले आणि निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. १९८९ मध्ये त्यांनी संशोधनातल्या गैरवर्तनावर 'नेचर'मध्ये लिहिलंही.

फसवणूक हा एक भाग झाला. मला जास्त अस्वस्थ करतं ते हे, की लोकांनी विश्वास लगेच ठेवला. ज्याची वाट पन्नास वर्षं पाहिली तेच उत्तर समोर आलं होतं, चार सरळ पायऱ्यांत बसवलेलं. माझ्या पहिल्या वर्षी माझा एक वेस्टर्न ब्लॉट असाच हवा तसा आला होता. लॅबमध्ये सगळे खूश. तीन आठवड्यांनी कळलं की मी दुय्यम अँटिबॉडी चुकीची वापरली होती आणि तो पट्टा भलत्याच प्रथिनाचा होता. यात लबाडी कुणाचीच नव्हती. पण त्या तीन आठवड्यांत एकानंही मला 'परत करून दाखव' म्हटलं नाही, आणि ब्लॉट वाईट आला असता तर दुसऱ्याच दिवशी म्हटलं असतं.

खरा दुवा दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये आला, आणि तो मुळीच सुंदर नव्हता. कूपर, हंटर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की राऊसच्या विषाणूनं बदललेल्या पेशींत ग्लायकोलिसिसच्या तीन एन्झाइमांवर टायरोसिनला फॉस्फेट लागतं. ती तीन म्हणजे इनोलेज, फॉस्फोग्लिसरेट म्युटेज आणि लॅक्टेट डिहायड्रोजनेज. सार्क आणि लॅक्टेट अखेर एका पेपरात. पण प्रत्येक एन्झाइमच्या फार थोड्या रेणूंवर ते फॉस्फेट होतं. शिवाय ग्लायकोलिसिसचा वेग ठरवणाऱ्या मुख्य पायऱ्या या नव्हेतच. त्यामुळे वेग यानंच वाढतो असा दावा करता येत नव्हता. १९२५ पासून मोजलं तर ५८ वर्षांनी हाती काय लागलं, तर 'संबंध आहे, पण एवढ्यानं भागत नाही'.

जास्त वजनदार पुरावा दारापाशी होता. राऊसच्या विषाणूनं बदललेली पेशी साखर जास्त वेगानं आत ओढते हे हातानाका आणि हानाफुसा यांनी १९७० मध्येच दाखवलं होतं. १९८७ मध्ये कळलं की सार्क किंवा रास हे जनुक पेशीत आलं की ग्लुकोज आत नेणाऱ्या वाहक प्रथिनाचा एमआरएनएच वाढतो. २००८ मध्ये कॅन्टलीच्या प्रयोगशाळेतून पायरुवेट किनेज एम-२ ची कहाणी आली. हे एन्झाइम फॉस्फोटायरोसिन असलेल्या प्रथिनांना चिकटतं आणि मंदावतं, मग ग्लायकोलिसिसचा माल मधूनच दुसऱ्या कामांकडे वळतो. एक सरळ रस्ता असा नाहीच, एकाच वेळी ढिल्या-घट्ट केलेल्या बऱ्याच चाव्या आहेत.

आणि मायटोकॉन्ड्रिया? वॉरबर्गचा बिघाडाचा दावा १९५६ मध्येच अडचणीत आला होता. त्यानं 'सायन्स'मध्ये तो पुन्हा मांडला, आणि त्याच वर्षी तिथेच सिडनी वाइनहाऊसनं उत्तर दिलं. कार्बन-१४ लावलेलं इंधन दिलं तर गाठीचे काप ते व्यवस्थित कार्बन डायऑक्साइडपर्यंत जाळतात, मग श्वसन बिघडलं कुठे? वॉरबर्ग शेवटपर्यंत बधला नाही.

उलट मायटोकॉन्ड्रियाची प्रथिनंच या कामात सामील निघाली. बुस्तामांते आणि पेडरसन यांनी १९७७ मध्ये दाखवलं की यकृताच्या वेगानं वाढणाऱ्या गाठीत हेक्सोकायनेज हे ग्लायकोलिसिसचं पहिलं एन्झाइम मायटोकॉन्ड्रियाच्या अंगावर बसलेलं असतं. ते बसतं बाह्य पडद्यातल्या व्हीडॅक या छिद्र-प्रथिनावर. आतला एटीपी बाहेर येतो तिथेच त्याची बैठक, म्हणजे गिरणीच्या दारातच दुकान. खुद्द सार्कही मायटोकॉन्ड्रियात सापडला. २००३ मध्ये हाडं झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींत तो सायटोक्रोम सी ऑक्सिडेजचं काम वाढवताना दिसला, म्हणजे श्वसनाला बळ देताना. कॅन्सर पेशींत मात्र तोच सार्क पायरुवेट डिहायड्रोजनेजला फॉस्फेट लावून पायरुवेटचं मायटोकॉन्ड्रियातलं दार बंद करतो असंही काम झालंय. तेच प्रथिन एकीकडे श्वसन वाढवतं आणि दुसरीकडे अडवतं. परीक्षेला हे कसं लिहायचं ते मला विचारू नका.

वॉरबर्ग काही थोड्या गाठींपुरता खरा ठरला, हेही सांगायला हवं. २००० मध्ये पॅरागँग्लिओमा या दुर्मीळ आनुवंशिक गाठीच्या कुटुंबांत सक्सिनेट डिहायड्रोजनेजच्या एका घटकाचं जनुक बिघडलेलं सापडलं. हे एन्झाइम क्रेब्स चक्रातही आहे आणि श्वसनसाखळीतही. इथे मायटोकॉन्ड्रिया खरोखर बिघडलेला आहे. पण गाठ होण्याचं कारण ऊर्जेची टंचाई एवढंच नाही. साचलेलं सक्सिनेट बाहेर येतं, ऑक्सिजनची जाणीव ठेवणाऱ्या एन्झाइमांना अडवतं, आणि पेशीला वाटतं आपण गुदमरतोय.

बाकी बहुतेक गाठींचं काय, याचा मला सर्वांत पटलेला पुरावा २०१५ चा. बेरिज, नोइजिल आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या कॅन्सर पेशींतून मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए काढून टाकला, म्हणजे श्वसन बंद. वॉरबर्गच्या हिशेबानं या पेशी अट्टल कॅन्सर व्हायला हव्या होत्या. झालं उलटंच. उंदरात सोडल्यावर गाठ फार उशिरा आली, आणि आली तेव्हा त्या पेशींत मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए होता, तोही त्या उंदराचा! पेशींनी आसपासच्या निरोगी पेशींकडून मायटोकॉन्ड्रिया मिळवले होते. कशासाठी? २०१९ च्या पुढच्या पेपरचं उत्तर असं की एटीपीसाठी नाही. एटीपी सिंथेज निकामी केलं तरी गाठ वाढत होती. आतल्या पडद्यावरचं डायहायड्रोओरोटेट डिहायड्रोजनेज हे एन्झाइम चालू राहणं महत्त्वाचं होतं. ते पिरिमिडीन, म्हणजे डीएनए-आरएनएचा कच्चा माल, बनवतं आणि त्यातले इलेक्ट्रॉन श्वसनसाखळीला देतं. साखळी थांबली की हे थांबलं, आणि हे थांबलं की पेशीला दुप्पट होता येत नाही.

इथे विषाणू परत येतो, कारण त्यालाही न्यूक्लिओटाइडच हवे असतात. २०१४ मध्ये हेदर ख्रिस्टोफ्कच्या गटानं (पायरुवेट किनेजच्या २००८ च्या कामातलीच ही) दाखवलं की ॲडेनोव्हायरसचं एक छोटं प्रथिन पेशीच्या मिक या प्रथिनाला धरून ग्लायकोलिसिस वाढवतं आणि त्यातून न्यूक्लिओटाइड बनवून घेतं. हेपॅटायटिस बी विषाणूचं एक्स प्रथिन मायटोकॉन्ड्रियावर जाऊन व्हीडॅकच्या एका प्रकाराला चिकटतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे असलेल्या पॅपिलोमा विषाणूचं ई-७ पायरुवेट किनेज एम-२ ला धरतं. यांचा राऊसच्या विषाणूशी काही नातेसंबंध नाही, तरी पकडायच्या जागा त्याच.

ज्युनियरला आता एवढंच पाठवतेय: कोरींचा पेपर उघड आणि वजाबाकी कर. एका ग्लुकोजचे दोन लॅक्टिक आम्ल होतात आणि वजन तेवढंच राहतं. गाठीच्या पंखात साध्या पंखापेक्षा २३ मिलिग्रॅम ग्लुकोज जास्त संपलं, लॅक्टिक आम्ल १६ मिलिग्रॅम जास्त आलं. वरचे ७ मिलिग्रॅम कुठे गेले? एवढ्या एका आकड्यावर फार भार टाकता येत नाही, रक्तातली मोजमापं थोडी मागेपुढे होतातच. पण त्या ७ मधले किती जळून कार्बन डायऑक्साइड झाले आणि किती नव्या पेशींच्या डीएनएत, चरबीत, प्रथिनांत गेले, हे सांगायचं साधन कोरींकडे नव्हतं. आमच्या मजल्यावरच्या फ्रिजमध्ये कार्बन-१३ लावलेल्या ग्लुकोजची बाटली आहे. महाग आहे, विचारल्याशिवाय उघडू नकोस.